पायांचा सराव आणि फुफ्फुसांचा सराव : साहसी पर्यटनाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये एक समज वारंवार आढळला. एके ठिकाणी कमावलेली तयारी दुसरीकडेही तशीच उपयोगी पडेल, असे बहुतेकांनी गृहीत धरले आहे. दर रविवारी गड चढणाऱ्याला लडाख सोपे वाटते आणि तरणतलावात तासभर पोहणाऱ्याला गंगेच्या प्रवाहाचे भय वाटत नाही. हिमालय, सह्याद्री, कोकणचा किनारा आणि अंदमानची प्रवाळ बेटे एकाच देशात असल्याने असे वाटणे स्वाभाविक असले, तरी या प्रत्येक ठिकाणी माणूस अडचणीत सापडतो तो वेगवेगळ्या कारणांनी, आणि ती कारणे ठाऊक नसतील तर अंगातला जोम फारसा कामी येत नाही. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ३४ आहे. गेली काही वर्षे मी नियमित गड चढतो आणि कळसूबाई वाटेत न थांबता सर करतो. जूनमध्ये आम्ही सहा मित्र विमानाने लेहला उतरून दुसऱ्याच दिवशी भाड्याच्या मोटारसायकलींवरून खारदुंग ला ही खिंड ओलांडून नुब्रा खोऱ्यात जाणार आहोत. तब्येत ठणठणीत असलेल्याला उंचीचा त्रास होत नाही, असे मित्र म्हणतात. तरीही डायमॉक्सची गोळी सोबत ठेवावी का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या तब्येतीविषयी शंका घेण्याचे कारण नाही, मात्र उंचीचा आजार तब्येत पाहून होत नाही. हा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. याचा अर्थ असा की, महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कितीही वेळा चढले, तरी या बाबतीत आपल्या शरीराची परीक्षा अजून झालेलीच नाही. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. तिथल्याही हवेत ऑक्सिजनचे प्रमाण २१ टक्केच असते. परंतु हवेचा दाब कमी असल्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या तुलनेत दोनतृतीयांशाच्या आसपास उरतो आणि खारदुंग लावर तो जवळजवळ निम्मा होतो. (या खिंडीतल्या प्रसिद्ध फलकावर १८,३८० फूट अशी उंची लिहिली जात असे, आधुनिक मोजमापानुसार ती ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८० फूट भरते. विरळ हवेसाठी तेवढीही पुरेशी आहे.)

तंदुरुस्त तरुणांच्या बाबतीत उलट एक जास्तीची अडचण संभवते. त्यांचे पाय थकत नाहीत, त्यामुळे ते वेगाने वर जातात, आणि डोके दुखू लागले की मित्रांसमोर कमीपणा नको म्हणून गप्प बसतात. कमी ऑक्सिजनशी जुळवून घेण्यासाठी श्वसनाचा वेग, रक्तातील आम्लता, मूत्रपिंडांचे काम अशा अनेक गोष्टी शरीराला बदलाव्या लागतात. त्याला काही दिवस लागतात आणि व्यायामाने हे दिवस कमी करता येत नाहीत.

म्हणून आपला दुसऱ्या दिवसाचा बेत रद्द करावा, अशी माझी स्पष्ट सूचना आहे. विमानाने उतरल्यानंतरचे किमान दोन पूर्ण दिवस लेहमध्येच घालवावेत आणि पहिल्या दिवशी तर शांती स्तूपाच्या पायऱ्याही चढू नयेत. महत्त्व दिवसा गाठलेल्या उंचीपेक्षा रात्री झोपण्याच्या उंचीला अधिक असते. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, असा सर्वमान्य दंडक आहे. त्या दृष्टीने नुब्रा सोयीचे आहे, कारण दिस्कित आणि हुंदर ही गावे लेहपेक्षा थोडी खालीच आहेत. अडचण मधल्या खिंडीची आहे, तेव्हा तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशी ती ओलांडावी आणि वर चहा-छायाचित्रांसाठी पाऊण तास रेंगाळू नये. पँगाँग सरोवराच्या काठावर मुक्काम करायचा असल्यास ती जागा ४,२०० मीटरच्या वर आहे हे ध्यानात ठेवून तो मुक्काम सहलीच्या अखेरीकडे ढकलावा.

सुट्टी पुरेशी असेल, तर श्रीनगरहून रस्त्याने जाण्याचा विचार जरूर करावा. त्या मार्गावर कारगिलचा मुक्काम २,७०० मीटरच्या आत होतो आणि शरीराला एक दिवस मिळतो. मनालीचा रस्ता अधिक देखणा असला, तरी वाटेतले सरचू ४,२०० मीटरच्या वर आहे. मनालीत एखादी रात्र काढून थेट तिथे झोपणारे प्रवासी रात्रभर डोके धरून बसलेले असतात, याचे आश्चर्य वाटायला नको.

आता गोळीविषयी. डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, शरीराच्या जुळवून घेण्याला गती देते. तिने त्रासाची शक्यता कमी होते, पण संरक्षणाची हमी मिळत नाही. सल्फा गटातील औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी, मूत्रपिंडांचा विकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती परस्पर घेऊ नये. इतरांनीही मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. तिच्यामुळे लघवी वारंवार होते, बोटांना मुंग्या येतात आणि सोडायुक्त पेये बेचव लागतात. हे आधी माहीत असले म्हणजे घाबरायला होत नाही. दमछाक झाल्यावर कापूर हुंगण्याची पद्धत ट्रेकरमंडळींत फार रूढ आहे. त्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. दुकानात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे डबे काही मिनिटांत संपतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर वर जाणे धोक्याचे आहे.

डोकेदुखीच्या जोडीला मळमळ, भूक मरणे, चक्कर किंवा विलक्षण थकवा यांपैकी काही जाणवले, तर अन्य कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार समजावा आणि त्या दिवशी अधिक वर जाऊ नये. रुग्णाला एका सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावत दहा पावले चालायला सांगावे. तो झोकांड्या देऊ लागला, बोलण्यात गोंधळ दिसला, किंवा स्वस्थ बसलेला असतानाही त्याला धाप लागून खोकल्यावाटे फेस येऊ लागला, तर मेंदूत किंवा फुफ्फुसांत पाणी साठू लागल्याची ती लक्षणे आहेत. अशा वेळी सकाळ होण्याची वाट न पाहता, रात्र असली तरी, त्याला खाली उतरवावे आणि रुग्णालय गाठावे. या आजारात विवेकही मंदावतो, त्यामुळे त्रास होत असलेल्याने मोटारसायकल चालवू नये आणि पुढे जायचे की नाही हे ठरवण्याचे कामही त्याच्यावर सोपवू नये. कोणाचे डोके दुखले तरी सगळ्यांनी थांबायचे, हे सहाही जणांनी घरून निघतानाच कबूल केलेले बरे.

प्रश्न : मी चांगला पोहतो. कोलाडला दोनदा राफ्टिंग केले असून आता ऋषिकेशला जायचे आहे. पोहता येत असल्यास लाइफ जॅकेट सैल बांधले तर चालते का? जुलैमध्ये पाणी भरपूर असते म्हणून तेव्हा जाण्याचा विचार आहे.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : जुलैचा विचार सोडून द्यावा. पावसाळ्यात गंगेवरील राफ्टिंग बंद ठेवले जाते आणि पाणी ओसरल्यावर, साधारण सप्टेंबरच्या उत्तरार्धात, पुन्हा सुरू होते. त्या काळात कोणी खासगीरीत्या नेण्याची तयारी दाखवली, तर तो माणूस कसा आहे हे निराळे सांगायला नको.

कोलाडचा आणि ऋषिकेशचा अनुभव एका मापाने मोजता येत नाही. कोलाडच्या कुंडलिका नदीत राफ्ट चालते ती भिरा येथील जलविद्युत केंद्रातून सोडलेल्या पाण्यावर. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली येऊन वीज तयार झाल्यावर नदीत सोडले जाते आणि तेवढ्या वेळेपुरती नदी भरते. म्हणून तर तिथे सकाळी ठरावीक वेळेला हजर राहावे लागते. तिथले बहुतेक खळाळ दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे आहेत (श्रेणी जितकी वरची, तितका खळाळ अवघड). गंगा ही हिमालयातून येणारी मोठी नदी आहे. तिचे पाणी उन्हाळ्यातही गार असते, पात्र रुंद असते, आणि ब्यासीजवळचा ‘द वॉल’ हा खळाळ चौथ्या श्रेणीच्याही वर धरला जातो. ब्रह्मपुरी किंवा शिवपुरीपासून खाली येणारा टप्पा पहिल्यांदा जाणाऱ्याला योग्य आहे; कौडियालापासूनचा लांबचा टप्पा त्यानंतर करावा.

पोहण्याविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण चांगल्या पोहणाऱ्यांचाच इथे गैरसमज होतो. खळाळात पाण्यामध्ये हवा मिसळून पांढरा फेस झालेला असतो. असे पाणी शरीराला नीट तोलून धरत नाही आणि त्यात हात मारूनही पुढे सरकता येत नाही. शिवाय अचानक गार पाण्यात पडल्यावर पहिला श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर त्या श्वासाबरोबर पाणीच आत जाते. या पहिल्या अर्ध्या मिनिटात आपल्याला वर ठेवते ते जॅकेट. ते बांधून झाल्यावर सोबत्याला खांद्यांवरचे पट्टे धरून जोराने वर ओढायला सांगावे. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकले, तर ते सैल आहे.

राफ्टमधून पडल्यास पाठीवर तरंगत पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे आणि पाण्याच्या पृष्ठभागापाशी ठेवावेत, म्हणजे खडकाचा पहिला धक्का तळव्यांवर घेता येतो. पाणी मांडीइतकेच दिसले, तरी वाहत्या प्रवाहात उभे राहण्याचा प्रयत्न करू नये. दगडांच्या फटीत पाऊल अडकले की मागून येणारे पाणी माणसाला पुढे लोटून पालथे पाडते, आणि गुडघाभर पाण्यातही माणूस बुडतो तो असा. निघण्यापूर्वी गाइड ज्या आज्ञा शिकवतो, त्या बहुतेक मंडळी सेल्फी काढत ऐकतात. त्या वेळी मोबाइल पिशवीत असावा. आपल्या राफ्टबरोबर सुरक्षा कयाक, म्हणजे पडलेल्याला वाचवणारी छोटी होडी, आहे का आणि गाइडजवळ फेकण्याच्या दोराची थैली आहे का, एवढे पैसे भरण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

प्रश्न : पावसाळ्यात धबधब्यावर रॅपलिंग, म्हणजे दोराच्या आधाराने उतरणे, घडवणारे अनेक गट समाजमाध्यमांवर दिसतात. शुल्क कमी असते आणि व्हिडिओ पाहून सारे सुरक्षित वाटते. त्यांच्यातला चांगला गट कसा ओळखावा?
— दोन वाचक, पुणे व डोंबिवली

उत्तर : व्हिडिओ पाहून तर अजिबात ओळखता येत नाही, कारण जे पाहायला हवे ते सहसा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, म्हणजे वरच्या टोकाला, असते.

पहिली गोष्ट नोंदणीची. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले असून जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही प्रकारांतील उपक्रम चालवणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे त्यानुसार आवश्यक आहे. नोंदणी दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे पुढचे प्रश्न विचारण्यात वेळ घालवू नये. मात्र नोंदणीचा कागद म्हणजे कौशल्याचा पुरावा नव्हे, म्हणून पुढचेही विचारावे लागते.

दोर कशाला बांधला आहे, हे प्रत्यक्ष पाहू द्यावे असा आग्रह धरावा. एकाच झाडाला किंवा खडकात ठोकलेल्या एकाच बोल्टला सारा भार देणे योग्य नाही. किमान दोन स्वतंत्र आधार हवेत आणि एक निकामी झाला तरी दुसऱ्याने भार पेलला पाहिजे. उतरण्याच्या दोराशिवाय सुरक्षेचा निराळा दोर प्रत्येकाच्या हार्नेसला (कमरेला आणि मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांना) असावा आणि तो धरणारा प्रशिक्षक गप्पांत गुंतलेला नसावा. धबधब्यात आणखी एक विचार करावा लागतो. उतरणारा मध्येच अडकला, तर कोरड्या कड्यावर त्याला धीर देत बसता येते. कोसळत्या पाण्याखाली तसे करता येत नाही, कारण तोंडावर पाणी आदळत असताना श्वास घेणेच कठीण होते. म्हणून मुख्य दोर वरून सोडून अडकलेल्याला ताबडतोब खाली घेता येईल अशीच बांधणी हवी. “मध्ये कोणी अडकला तर आपण काय करता?” हा प्रश्न विचारून पाहावा. अनुभवी माणूस दोन वाक्यांत नेमके सांगेल. “आजवर कोणी अडकलेच नाही,” असे उत्तर मिळाले, तर घरी भजी खावीत.

सैल केस, ओढणी, टीशर्टचे लोंबते टोक डिसेंडरमध्ये, म्हणजे दोरावरून उतरण्याचा वेग आवरणाऱ्या साधनात, ओढले जाते आणि माणूस लटकत राहतो, हा नेहमीचा प्रकार आहे. केस हेल्मेटखाली घट्ट बांधावेत आणि अंगाबरोबर बसणारे कपडे घालावेत.

यानंतरचा धोका दोरांच्या पलीकडचा आहे. सह्याद्रीतले ओढे वर घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाने भरतात, त्यामुळे आपल्या डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येऊ शकतो. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले ते असेच वाढलेल्या प्रवाहात. पाण्याचा रंग अचानक मातकट होणे, त्यातून पालापाचोळा आणि काटक्या वाहत येणे, किंवा आवाजात घरघर येणे, यांपैकी काहीही जाणवले तर सामान तिथेच टाकून आधी उंच बाजूला जावे. काठावर पोहोचेपर्यंत जे मिनिट मिळते, ते बॅग गोळा करण्यात जाऊ देऊ नये. सांदण दरीसारख्या चिंचोळ्या घळींतून तर पावसाचे पाणीच वाहते आणि बाजूला चढायला जागा नसते. तिथे पावसाळ्यात कोणी नेत असेल, तर जाऊ नये. जिल्हा प्रशासन दर पावसाळ्यात काही धबधबे आणि गड यांच्यासाठी मनाईचे आदेश काढते. ते सरसकट असतात ही तक्रार मलाही काही वेळा पटते, पण आदेश मोडून गेलेल्यांना शोधायला रात्री-अपरात्री उतरतात ते गावकरी आणि गिर्यारोहण संस्थांचे स्वयंसेवक, याचा विचार तक्रार करणाऱ्यांनी करावा.

प्रश्न : महाविद्यालयातील चाळीस विद्यार्थ्यांना फेब्रुवारीत गडावर न्यायचे आहे. आग्या माश्यांची भीती वाटते. काय दक्षता घ्यावी?
— एक प्राध्यापिका, सातारा

उत्तर : आपली भीती अनाठायी नाही. आग्या मोहोळ बहुधा कड्याच्या पुढे आलेल्या भागाखाली असते, त्यामुळे वरून जाणाऱ्याला ते दिसत नाही. गडाच्या पायथ्याच्या गावात ते सध्या कोणत्या बाजूला आहे हे नक्की ठाऊक असते. तेव्हा गावकऱ्यांना विचारावे आणि शक्य तर गावातलाच वाटाड्या घ्यावा. धूर, उग्र वासाचे अत्तर, भोंगा लावून वाजवलेली गाणी आणि दरीत भिरकावलेले दगड यांनी माश्या चवताळतात. चाळीस विद्यार्थ्यांपैकी दगड भिरकावणारा एक तरी असतोच, त्याला आपल्या शेजारी चालवावे.

एक माशी चावली की तिथे सुटणाऱ्या गंधाने बाकीच्या त्याच जागी येतात, म्हणून झटकत उभे राहू नये. डोके आणि चेहरा कपड्याने झाकून तेथून दूर पळावे. कड्याच्या कडेवर असल्यास मात्र पळण्याऐवजी अंग पूर्ण झाकून निपचित पडणे बरे. पाण्यात उडी मारण्याचा उपाय उपयोगी नाही, माश्या वर घोंगावत राहतात. नांग्या लवकरात लवकर काढाव्यात. अनेक दंश झालेल्याला, किंवा एका दंशानेही ओठ-जीभ सुजून श्वास घेणे जड जात असेल त्याला, ताबडतोब रुग्णालयात हलवावे. पूर्वी असा त्रास झालेले विद्यार्थी कोण, याची यादी आपल्याजवळ आधीच असावी.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही कुटुंबासह अंदमानला जात आहोत. शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा आणि दुपारी विमान, असे सहल कंपनीने ठरवले आहे. धाकटा मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि माझ्या पत्नीला दम्याचा त्रास आहे.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : कार्यक्रमाचा क्रम बदलून घ्यावा. पाण्याखाली दाब वाढल्यामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत जास्त विरघळतो आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो बाहेर पडायच्या आत विमानातल्या कमी दाबात गेल्यास त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून अधिक डाइव्ह केल्यास किमान १८ तास विमानप्रवास टाळावा, असा संकेत आहे. स्कूबा सुरुवातीच्या दिवसांत ठेवावे आणि अखेरचा दिवस किनाऱ्यावर फिरण्यासाठी राखावा. आपण कोल्हापूरचे असल्याने ओघात सांगतो : सहाशे मीटरच्या वरचा घाट चढणेही याच हिशेबात धरतात. मालवणला पाण्याखाली जाऊन त्याच दुपारी आंबोलीमार्गे घरी परतणाऱ्यांनी, विशेषतः खोल किंवा अनेक डाइव्ह केल्या असतील तर, तो बेत दुसऱ्या दिवसावर न्यावा.

दम्याच्या बाबतीत डाइव्हिंग वैद्यकाची माहिती असलेल्या डॉक्टरांची लेखी संमती घेतल्याशिवाय पाण्यात उतरू नये आणि प्रकृतीच्या अर्जात ही माहिती दडवू नये. याचे कारण असे की, दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, आणि तिथे घेतलेला श्वास अडकून राहिला तर वर येताना त्याचे आकारमान दुप्पट होते. आकुंचित श्वासनलिकेमागे कोंडलेली हवा फुफ्फुसाला इजा करू शकते. सर्वांनाच शिकवला जाणारा पहिला नियम हाच आहे की, पाण्याखाली श्वास कधीही रोखून धरू नये. पट्टीच्या पोहणाऱ्याला तो पाळणे अवघड जाते, कारण दम धरण्याची त्याची सवय मुरलेली असते.

समुद्रातील प्रमाणपत्र अभ्यासक्रमासाठी वयाची सर्वसाधारण अट किमान दहा वर्षे आहे. मुलाला यंदा स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली पाहणे, करू द्यावे; उथळ प्रवाळांवर त्यालाच जास्त मासे दिसण्याची शक्यता आहे. मेच्या उत्तरार्धात तिथे मोसमी पाऊस दाखल होतो आणि समुद्र खवळतो, त्यामुळे शक्य असल्यास सहल फेब्रुवारी-मार्चमध्ये न्यावी.

प्रश्न : टँडम (वैमानिकासोबतच्या) पॅराग्लायडिंगसाठी कामशेत चांगले की बीर-बिलिंग? काही पूर्वतयारी लागते का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर रस्ता, अहिल्यानगर

उत्तर : पहिल्या अनुभवासाठी कामशेत पुरे आहे. टेकड्या बुटक्या असल्याने उड्डाण लवकर आटोपते, पण ऑक्टोबर ते मे या काळात वारा बहुधा अनुकूल मिळतो. बिलिंगचे उड्डाणस्थळ सुमारे २,४०० मीटरवर असून बीरचे उतरण्याचे मैदान त्याच्या बरेच खाली आहे, त्यामुळे हवेत अधिक वेळ मिळतो. २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगची विश्वचषक स्पर्धा तिथे झाली, ती याच कारणांनी. हिमाचलात १५ जुलै ते १५ सप्टेंबर उड्डाणांना बंदी असते.

पूर्वतयारी अशी काही नाही. पायात घट्ट बूट असावेत आणि वैमानिक सांगेपर्यंत धावत राहावे. पाय जमिनीवरून सुटल्यासारखे वाटताच खाली बसण्याची घाई केली, तर उड्डाण बिघडते. निघण्यापूर्वी मांड्यांभोवतीचे दोन्ही पट्टे लावले आहेत का, हे स्वतः हात लावून पाहावे, कारण ते राहून गेल्याने माणसे खाली पडलेली आहेत. वारा वाढल्याने वैमानिक तासभर बसवून ठेवत असेल, तर त्याच्यावर चिडू नये. असाच वैमानिक निवडावा.

प्रश्न : माझी एकोणीस वर्षांची मुलगी उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा मूलभूत अभ्यासक्रम करायचा म्हणून हट्ट धरून बसली आहे. तिला जाऊ द्यावे का? तिथे धोका नाही ना?
— एक आई, सांगली

उत्तर : जाऊ द्यावे, असे माझे मत आहे, मात्र धोका नाही असे मी म्हणणार नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा या शिखराजवळ हिमस्खलन होऊन प्रगत अभ्यासक्रमाच्या तुकडीतील प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक असे २९ जण दगावले. हिमालयात अनुभवी प्रशिक्षक सोबत असतानाही असे घडू शकते. परंतु ज्या मुलीला पर्वतांची ओढ लागली आहे, ती आज ना उद्या तिकडे जाणारच. मग दोर, बर्फात रोवायची कुऱ्हाड आणि बर्फ यांची ओळख शिस्तीत करून घेऊन जाणे, हौशी गटाबरोबर काहीच न शिकता जाण्यापेक्षा केव्हाही चांगले.

उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट त्याहून जुनी, १९५४ ची, म्हणजे एव्हरेस्टच्या पहिल्या यशानंतर पुढच्याच वर्षी सुरू झालेली. मनाली आणि पहलगाम येथेही अशाच संस्था आहेत. मूलभूत अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो. त्यात आधी प्रस्तरारोहण, मग हिमनदीवर बर्फातील चाल, घसरल्यावर कुऱ्हाडीने स्वतःला रोखणे, तंबू आणि दोरांचे काम, असा क्रम असतो आणि पाठीवर जड ओझे घेऊन चालावे लागते. पुढच्या अभ्यासक्रमाला प्रवेश हवा असेल, तर इथे ‘ए’ श्रेणी मिळवावी लागते. शासकीय संस्था असल्याने शुल्क खासगी मोहिमांच्या मानाने बरेच कमी असते, आणि त्यामुळेच जागा फार आधी भरतात. केवळ महिलांसाठीच्या तुकड्याही असतात. एव्हरेस्टवर पोहोचलेल्या पहिल्या भारतीय महिला बचेंद्री पाल याच उत्तरकाशीच्या संस्थेत शिकल्या.

मुलीला आतापासून पाठीवर दहा-बारा किलो वजन घेऊन सज्जनगड-वासोट्यासारख्या चढणी चढायची सवय करू द्यावी. बाकीचे तिथे शिकवतात. उंचीशी जुळवून घेणे शिकवता येत नाही, पण वेळापत्रक आखताना त्यासाठी दिवस राखलेले असतात; घाईच्या व्यावसायिक सहलींत बहुधा तेच वगळलेले असतात.

प्रश्न : रूपकुंडच्या ट्रेकसाठी पूर्वीसारखे बेदिनी बुग्यालवर तंबू का लावू देत नाहीत? आमच्या गटाचा हिरमोड झाला.
— एक ट्रेकर, मुंबई

उत्तर : उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्यालांवर, म्हणजे वृक्षरेषेच्या वरच्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली. तिथला गवताचा थर पातळ असतो आणि वर्षातले अनेक महिने बर्फाखाली असतो. एका जागी हंगामभर तंबू राहिले की उघडी पडलेली माती पावसात वाहून जाते आणि गवत पुन्हा धरायला वर्षानुवर्षे लागतात. लडाखमध्ये स्तोक कांगरी हे ६,००० मीटरहून उंच शिखरही २०२० पासून चढाईसाठी बंद करण्यात आले, कारण स्तोक गावाचे पाणी ज्या हिमनदीतून येते, तिच्याच वाटेवर शेकडो तंबू पडत होते. आपला हिरमोड समजू शकतो. त्या गावकऱ्यांच्या जागी आपण असतो, तरी हेच केले असते. ज्या मार्गांवर मुक्काम जंगलाच्या पट्ट्यात करता येतो ते निवडावेत आणि निघण्यापूर्वी संबंधित वनविभागाकडून परवानगीची सद्यःस्थिती विचारून घ्यावी.

प्रश्न : प्रवास विमा काढला म्हणजे साहसी खेळांतील दुखापतीचा खर्च मिळतो का?
— अनेक वाचक

उत्तर : पुष्कळदा मिळत नाही. सर्वसाधारण प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात आणि ते जोडून घ्यायचे असल्यास वाढीव हप्ता भरावा लागतो. पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत तीन गोष्टी शोधाव्यात : ठरावीक उंचीच्या वरील ट्रेक, दोर किंवा मार्गदर्शक लागणारी चढाई, आणि हेलिकॉप्टरने सुटका. आयोजक “विमा शुल्कातच आहे” असे सांगत असेल, तर तो कोणाचा, किती रकमेचा आणि मृत्यूपुरताच आहे की उपचारांसाठीही, हे विचारून पॉलिसीची प्रत मागून घ्यावी. ती प्रत आणि आपल्या रक्तगटाची नोंद सहलीला न आलेल्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावी.